पायऱ्यांवरचे शत्रू कुठे गेले?

मी कॉन्व्हेंटमधून आलेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे: गेम!

दिवाळीच्या सुट्टीत दादाच्या जुन्या एक्सबॉक्स ३६० वर ‘निंजा गायडेन २’ खेळले. त्यात एक जागा आहे. लांबलचक पायऱ्या, आणि समोरून निंजांचा लोंढा अंगावर येतो. इतके, की बिचारा कन्सोल दमतो आणि सगळं स्लो मोशनमध्ये चालायला लागतं. “इथे सगळ्यांचंच असं होतं,” दादा म्हणाला. वर पोचले तेव्हा हात थरथरत होते.

होस्टेलला परत आले तर रूममेटच्या लॅपटॉपवर तोच गेम! मोठ्या ऐटीत म्हटलं, “थांब, आता पायऱ्या बघ.” पायऱ्या आल्या. शत्रू मात्र बोटांवर मोजावेत इतकेच. रक्ताच्या जागी जांभळा धूर. माझा पार पोपट झाला.

जरा शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. मूळ गेम टीम निंजाने २००८ मध्ये ३६० साठी काढला. त्याच वर्षी दिग्दर्शक तोमोनोबु इतागाकी कंपनी सोडून गेले. २००९ मध्ये उरलेल्या टीमने तो प्लेस्टेशन ३ वर नेला, ‘सिग्मा २’ या नावाने. लॅपटॉपवर होता तो या सिग्माचा वंशज.

आता आपण इंजिनीअरिंगवाले, त्यामुळे पोर्टिंग म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे हे आपल्याला कळतं. ३६० मध्ये एकसारखे तीन कोअर आणि ५१२ एमबी मेमरी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत सामाईक. प्लेस्टेशन ३ मध्येही ५१२ एमबीच, पण २५६-२५६ अशी मधे भिंत घालून वाटलेली. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि हाताखाली छोटे कोअर, त्यांना स्वतःची मेमरी प्रत्येकी फक्त २५६ केबी! एका घरासाठी बांधलेला संसार दुसऱ्या घरात हलवताना एखादं कपाट बाहेर राहणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. शत्रू कमी केले आणि उरलेल्यांना जास्त चिवट केलं. कागदावर हिशोब बरोबर, पण गेमच बदलला ना! मुळात शत्रू झुंडीने येतात. हात-पाय तुटलेला शत्रू जास्तच पिसाळतो, पण एका बटणात त्याला संपवताही येतं. म्हणून सतत धावपळ, सतत निर्णय. सिग्मात चार जण येतात आणि त्यांनाच बडवत बसायचं. आणि जांभळा धूर? तो काही मेमरीमुळे आला नाही. ती सरळ सरळ आवड-निवड होती.

सिग्मात चांगलंही आहे हं. रेचल, मोमिजी आणि आयाने या तिघींना घेऊन खेळता येतं, याचा मला (साहजिकच!) आनंद झाला. पण स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी मारामारी कोणी मागितली होती देव जाणे.

खरी गोम २०२१ मध्ये कळली. तिन्ही भागांचा एकत्र संच निघाला, त्यात पहिले दोन भाग सिग्माचेच. पहिल्या भागाच्या मूळ आवृत्तीच्या डेटाचे तर तुकडेच उरलेत, असं टीम निंजाच्या फुमिहिको यासुदांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे बदल केला हा गुन्हा नव्हे. जुनं नीट जपलं नाही, हा आहे.

हे वाचून मला आमचा सेकंड इयरचा मिनी प्रोजेक्ट आठवला. नवीन बोर्डवर कोड बसेना, म्हणून आम्ही एक सेन्सर उडवला आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. व्हायव्हाला सर म्हणाले, “आधीचं दाखवा.” काय दाखवणार, कपाळ! आज तो सेन्सर आम्ही चौघींना स्वप्नात चालवता येतो, कोड मात्र कोणाकडेच नाही.

गंमत म्हणजे, मूळ ‘निंजा गायडेन २’ नंतरच्या एक्सबॉक्सवर चालतो. पायऱ्यांवर शत्रू तेवढेच, आणि ते रखडणं जवळजवळ गायब! जो दोष मशीनचा होता तो पुढच्या मशीनने दूर केला, डिझाईनला हात न लावता. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘निंजा गायडेन २ ब्लॅक’मध्ये खुद्द टीम निंजानेच रक्त परत आणलं. मग आधी घालवलं कशाला?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पोर्ट करा, हवे ते बदल करा, पण नवीन आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवा, तिच्या डोक्यावर नाही. हे जपानमधल्या स्टुडिओला लागू आहे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्यालाही. आज रात्री मेसमधून आल्यावर पाच मिनिटं काढा आणि प्रोजेक्टचं जुनं फोल्डर वेगळ्या जागी कॉपी करून ठेवा. उद्या कोणीतरी “आधीचं दाखवा” म्हणेलच!