ठळक म्हणजे वाचनीय नव्हे

मंडळी, तुमच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर फॉन्टच्या यादीत 'कूपर ब्लॅक' शोधून पाहा. गुबगुबीत, काळीभोर इंग्रजी अक्षरं. नाव नवं वाटलं तरी चेहरा ओळखीचा निघेल. 'बीच बॉइज'च्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'च्या वेष्टनावर हीच अक्षरं आहेत. ईझीजेट विमान कंपनीचं नावही याच अक्षरांत लिहिलेलं असतं.

शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांनी हे अक्षर घडवलं आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये ते बाजारात आणलं. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या रेघा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. एरवी त्या टोकदार असतात. कूपरनी त्या गोल करून टाकल्या. यातला 'ओ' तर किंचित मागे रेललेला आहे, जेवण करून लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखा! म्हणूनच एवढं जाड असूनही हे अक्षर दरडावत नाही. दुकानाची पाटी, जाहिरात, वाढदिवसाचं निमंत्रण, इथे ते शोभून दिसतं.

पण ते आहे चार शब्दांचं अक्षर. त्यात बारा पॉइंटचा एखादा परिच्छेद लिहून पाहा. अक्षरांची पोटं बुजतात आणि ओळीचा काळा पट्टा होतो. आपण वाचतो ते नुसत्या शाईमुळे नाही, शाईच्या मधल्या पांढऱ्या जागेमुळेही. काळं वाढलं की पांढरं आक्रसतं. आपल्या देवनागरीत तर 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' अशी दाटीवाटीची अक्षरं, वर शिरोरेघ आणि मात्रा. ती लहान आकारात बोल्ड केली की नुसत्या गाठी दिसतात.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या वयाच्या माणसांना नीट दिसावं म्हणून हल्ली सगळंच बोल्ड करून देतात. लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस आणि औषधांच्या वेळांचा कागदसुद्धा. त्यामागची माया कळते. पण लहान, जाड आकड्यांत १ कुठला आणि ९ कुठला हे चष्मा लावूनही चटकन कळत नाही, आणि औषधाच्या कागदावर असा गोंधळ परवडणारा नसतो. थकलेल्या डोळ्यांना जाड अक्षर नको, मोठं हवं. दोन ओळींत मोकळी जागा हवी. ठळक करायचं ते फक्त औषधाचं नाव. वर्गात सगळीच मुलं एकदम ओरडली तर कोणाचंच ऐकू येत नाही, तसंच हे.

तेव्हा मुलांनो, सुनांनो, पुढच्या वेळी आजी-आजोबांसाठी काही छापाल तेव्हा बोल्डचं बटण सोडा आणि आकडा बाराचा अठरा करा. कागद एखादा जास्त लागेल, लागू दे.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.