यंत्र विकता, मग त्याचे कागद का लपवता?

संगणकाचे एखादे कार्ड रोख पैसे मोजून घेतले की ते माझे झाले, असे मी समजतो. ते बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या तसे समजत नाहीत. कुठल्या आज्ञेला कार्ड काय करते हे सांगणारे कागद त्या तिजोरीत ठेवतात आणि आपल्या हातावर एक बंद ड्रायव्हर टेकवतात, तोही बहुतेकदा विंडोजपुरता. लिनक्स वा ओपनबीएसडी वापरणाऱ्याने आपले आपण पाहून घ्यावे!

कारण विचारा, 'धंद्याचे गुपित' हे उत्तर ठरलेले. अहो, चिपचा आराखडा मागतो कोण? ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हवी असते रजिस्टरांची यादी. कुठे कोणता आकडा लिहिला की यंत्र काय करते, इतकेच. विहिरीचा पंप विकायचा आणि कुठली वायर कुठे जोडायची ते गुपित म्हणायचे, त्यातला हा प्रकार.

काही कंपन्या उदार होऊन म्हणतात, गुप्ततेच्या करारावर सही करा, कागद देतो. ही तर मोठीच मखलाशी. सही करणारा ड्रायव्हर लिहील, पण उद्या तो काम सोडून गेला की त्यातली चूक इतरांनी कशाच्या आधारे सुधारायची? ओपनबीएसडीच्या थिओ द राट यांनी असल्या करारांना साफ नकार दिला. भांडखोर म्हणून त्यांची ख्याती आहे, असू दे. २००५ मध्ये अॅडाप्टेक आपल्या रेड कार्डांचे कागद देईना, तेव्हा ३.७ आवृत्तीत त्यांनी त्या कार्डांचा ड्रायव्हर बंद करून ठेवला. लोकांच्या डिस्का अर्धवट ड्रायव्हरच्या हवाली करण्यापेक्षा हे बरे.

आणि कागद देऊन कोणी बुडाले काय? एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी घेतली, सप्टेंबर २००७ मध्ये कार्डांचे कागद खुले करू म्हणाले, आणि खरोखर दिले. धंदा चालूच आहे. उलट एनव्हिडियाच्या कार्डांसाठी 'नूवो'वाल्यांना वर्षानुवर्षे अंधारात चाचपडावे लागले. ९०० मालिकेपासून तर कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय कार्डाचा वेगही वाढवता येईना. २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये भर सभेत या कंपनीला मधले बोट दाखवले. असभ्यच, पण राग समजण्यासारखा होता. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नेलचा भाग खुला केला, त्यावरचा डोलारा मात्र बंदच ठेवला.

माझ्याकडे एक स्कॅनर आहे. काच स्वच्छ, मोटर ठणठणीत. बनवणाऱ्यांनी नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढला नाही आणि लिनक्सवाल्यांना कागदही दिले नाहीत. आमच्या गोव्याच्या पावसात गंजला असता तर वाईट वाटले नसते. चांगला धडधाकट आहे, आणि भंगारवाल्याची वाट पाहतो आहे.