लग्नगडी म्हणजे काय, पोरांना विचारा



आश्रमशाळेतल्या पोरांना आम्ही विचारतो, गुलाम म्हणजे कोण? ती सांगतात, अमेरिकेतले काळे लोक, त्यांना लिंकनने सोडवलं. खोटं नाही. पण त्याआधी 1849 साली हॅरिएट टबमन नावाची गुलाम बाई मालकाकडून पळाली, आणि पुन्हा 13एक वेळा त्याच मुलखात शिरून 70च्या आसपास माणसं काढून घेऊन गेली. हे धड्यात कुठं येतं? आणि लग्नगडी म्हणजे काय विचारलं, की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

त्यांच्या आजाला माहीत आहे. लग्नाला सावकाराचे पैसे घ्यायचे, आणि ते फिटेस्तोवर नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. फिटायचे कधीच नाहीत, कारण वही सावकाराची, हिशोबही त्याचाच. बाकीच्यांना वेठ होतीच, ती फुकट.

23 मे 1945 ला झरी गावात पाचेक हजार आदिवासी जमले. गोदूताई परुळेकर, शामराव आणि किसान सभेचे कार्यकर्ते त्याआधी पाड्यापाड्यांत पायी हिंडले होते. सभेत ठरलं: वेठ बंद. रोजचे 12 आणे मिळाल्याशिवाय सावकाराच्या शेतावर जायचं नाही. मग लोक टोळ्यांनी सावकारांच्या दारात गेले आणि लग्नगड्यांना म्हणाले, चला घरी. कुणी अर्ज केला नाही. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 5 जण गेले, जेठ्या गांगड त्यातलाच. वेठबिगारी बंद करणारा कायदा आला 1976 साली, म्हणजे झरीच्या 31 वर्षांनंतर! लग्नगडी तर लोकांनी आधीच सोडवले होते.

आता कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला उगाळता? दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन पाड्यात येतोच ना? बायका-पोरांसकट माणसं जातात, शाळा सुटते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मालक म्हणतो, अजून बाकी आहे, पुढच्या वर्षी फेडा. वही अजून त्याच्याकडेच आहे. कायद्याप्रमाणे असं वेठीचं कर्ज रद्द होतं, माणूस ते देणं लागत नाही. हे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून पाड्यापाड्यांत रात्रीचे वर्ग घ्यायचं संघटनेनं ठरवलंय. इतिहास म्हाताऱ्यांनी सांगायचा, पोरांनी लिहून घ्यायचा. गणित भट्टीचंच घालायचं: उचल किती, हजार विटांचा दर काय, दर आठवड्याची खर्ची वजा जाऊन हातात काय उरतं. हे गणित आलेली पोरगी आईबापाच्या अंगठ्याआधी कागद वाचून दाखवेल. मुकादमाला ते आवडणार नाही.

प्रत्येक पाड्यातून वाचता येणारी दोन पोरं द्या, त्यात एक मुलगी हवीच. कंदिलाचं रॉकेल पाड्यानं बघायचं, वह्या आम्ही आणू. आणि म्हाताऱ्यांना जेवणाआधी बोलवा, जेवल्यावर ते झोपतात. मुकादम यायच्या आत निदान चार बैठका झाल्या पाहिजेत.