पेरोने कुणाची मते खाल्ली?

अमेरिकेत अध्यक्षपदाला एखादा अपक्ष उभा राहिला की दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांतून एकच ओरड सुरू होते: हा निवडून येणार नाही, नुसती मते खाणार. पूर्वपक्ष थोडक्यात असा. निवडून येईल तर रिपब्लिकन नाहीतर डेमोक्रॅट. तिसऱ्याला मिळणारी मते या दोघांपैकी जो त्याला विचाराने जवळचा, त्याच्याच खात्यातून वजा होतात. म्हणजे तो जवळच्याला बुडवतो आणि ज्याच्याशी हाडवैर त्याला गादीवर बसवतो. तेव्हा त्याने उभे राहू नये, आणि राहिलाच तर शहाण्या मतदाराने आपले मत त्याच्यावर वाया घालवू नये. ‘बी टीम’ची कुजबुज ऐकत निवडणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नव्याने समजावून द्यायला नको.

या पूर्वपक्षाचा लाडका दाखला १९९२चा. टेक्सासचा अब्जाधीश रॉस पेरो पदरचा पैसा ओतून अपक्ष उभा राहिला. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून तो सरकारच्या वित्तीय तुटीचे आकडे समजावून सांगत असे, आणि लोक ते खरोखर बसून बघत. त्याला १ कोटी ९७ लाख मते पडली, जवळजवळ १९ टक्के. अध्यक्ष ज्यांवर ठरतो त्या राज्यवार निर्वाचक मतांपैकी मात्र एकही नाही. बिल क्लिंटन ४३ टक्क्यांवर अध्यक्ष झाले. सत्तेवरचे जॉर्ज बुश (थोरले) साडेसदतीस टक्क्यांवर अडकले. तेव्हापासून रिपब्लिकन गोटात एक बेरीज पाठ आहे: साडेसदतीस अधिक एकोणीस म्हणजे छप्पन्नच्या वर. तोंडी करता येते म्हणून ती पटतेही.

पण पेरोचा एकूण एक मतदार मनाने बुशचाच होता, हे आधी धरून चालल्याशिवाय ही बेरीज होत नाही. क्लिंटन आणि बुश यांच्यात अंतर होते ५८ लाख मतांचे. ते भरून काढायला पेरोच्या दर शंभर मतदारांतले ६५ जण बुशकडे जायला हवे होते, आणि तेही शंभराच्या शंभर जण मतदानाला आले असते तर. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना त्या दिवशी हा प्रश्न विचारला गेला होता. पेरोच्या मतदारांनी दिलेले उत्तर जवळजवळ बरोबरीत सुटले: सुमारे ३८ टक्के बुशकडे गेले असते, तितकेच क्लिंटनकडे, आणि उरलेल्यांतले बरेचसे घरीच बसले असते. याला मतदानाचा एकूण आकडाही दुजोरा देतो. १९८८मध्ये सुमारे ९ कोटी १६ लाख लोकांनी मत दिले होते, १९९२मध्ये सुमारे १० कोटी ४४ लाखांनी. हे सगळे पेरोनेच आणले असे मी म्हणणार नाही. पण इतकी नवी माणसे रांगेत उभी असताना तिसऱ्याची मते दुसऱ्याच्या ताटातूनच आली असली पाहिजेत, हे गृहीत धरता येत नाही.

कालक्रम तर याहून बोलका आहे. १६ जुलैला, डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्याच आठवड्यात, पेरोने मैदान सोडले; १ ऑक्टोबरला तो परतला. मधल्या अडीच महिन्यांत बुशची मते खायला कुणी नव्हते, तरी क्लिंटनच पुढे राहिले. आणि पेरो रिंगणात उतरण्याची भाषा बोलला ती २० फेब्रुवारीला, लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात. त्याच्या दोनच दिवस आधी न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक फेरीत खुद्द रिपब्लिकन मतदारांतल्या ३७ टक्क्यांनी विद्यमान अध्यक्षाला डावलून पॅट ब्युकॅनन यांना मत दिले होते. ‘नवे कर नाहीत’ हे १९८८चे वचन १९९०मध्ये मोडले, मग मंदी आली, आणि १९८८ला मिळालेली ४ कोटी ८९ लाख मते ३ कोटी ९१ लाखांवर घसरली. बुशचे घर आधीच गळत होते; पेरो फक्त पाऊस चालू असताना दारात उभा दिसला. मेनमध्ये तर, जिथे बुश कुटुंबाचा उन्हाळी बंगला आहे, पेरो दुसरा आला आणि बुश तिसरे. त्या राज्यापुरते तरी कुणी कुणाची मते खाल्ली म्हणायचे?

१९१२चा दाखलाही असाच उलटा बसतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्ष सोडून सत्तेवरच्या टॅफ्ट यांना पाडले आणि डेमोक्रॅट वूड्रो विल्सन यांना ४२ टक्क्यांवर अध्यक्ष केले, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. रिपब्लिकन मते फुटली हे खरेच. पण त्या वर्षीच्या बहुतेक प्राथमिक फेऱ्या रूझवेल्ट यांनी जिंकल्या होत्या. शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणेने उमेदवारी टॅफ्टना दिली. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्टना ८८ निर्वाचक मते मिळाली, टॅफ्टना ८. मते फोडल्याचा ठपका आठवाल्याने अठ्ठ्याऐंशीवाल्यावर ठेवायचा, हा न्याय पक्षाच्या शिक्क्याचा झाला.

आता पूर्वपक्षाचा खरा बुरूज: फ्लोरिडा, २०००. इथे मी मान्य करतो की आरोप गणिताने टिकतो. राल्फ नेडर त्या वर्षी अपक्ष नव्हते, ग्रीन पक्षाचे होते, पण वाद तोच. धाकटे बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले. नेडरना तिथे ९७,४८८ मते पडली. मायकेल हेरॉन आणि जेफ्री लुइस या दोन राज्यशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा नेडरचे सुमारे ४० टक्के मतदार बुशकडे झुकणारे निघाले. नेडरची सगळी मते डेमोक्रॅट अल गोर यांचीच होती, ही समजूत त्यामुळे मोडते. पण उरलेल्या ६० टक्क्यांचा कल गोरकडे असेल तर फरक काही हजारांचा होतो, आणि पाचशे सदतीसला तो पुरून उरतो. नेडर नसते तर गोर बहुधा अध्यक्ष झाले असते. नेडर यांच्या समर्थकांनी हे वर्षानुवर्षे नाकारले, आणि त्यात त्यांनी आपलीच बाजू लंगडी केली.

तरी कारण दाखवणे वेगळे आणि दोष देणे वेगळे. त्याच फ्लोरिडात सोशलिस्ट वर्कर्स पार्टी नावाच्या चिमुकल्या पक्षाला ५६२ मते पडली. तीही ५३७हून जास्त. पाम बीच काउंटीतल्या ‘फुलपाखरू’ मतपत्रिकेने गोंधळून हजारो लोकांनी भलत्याच उमेदवारापुढे भोक पाडले. आणि गोर आपले स्वतःचे राज्य टेनेसी हरले. तिथल्या ११ निर्वाचक मतांनी फ्लोरिडाची गरजच संपवली असती, आणि तिथे हार इतक्या मतांची होती की नेडरची सगळी मते मिळवूनही ती भरली नसती. स्वतःच्या गावाने पाडलेल्या उमेदवाराने परगावच्या तिऱ्हाइतावर खापर फोडावे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगत बसत नाही.

या सगळ्या दाखल्यांच्या तळाशी एकच गृहीतक आहे: मत ही पक्षाची मालमत्ता आहे, मतदाराकडे ती नुसती ठेवायला दिलेली असते. म्हणूनच ‘खाल्ली’, ‘पळवली’, ‘फोडली’ अशी चोरीच्या फिर्यादीतली क्रियापदे वापरली जातात. हे गृहीतक मला सपशेल अमान्य आहे. पण ते अमान्य करून भागत नाही, कारण मतदाराची अडचण खरी आहे. पेरोच्या मतदाराला पेरो हवा होता, आणि पेरो नसेल तर उरलेल्या दोघांपैकी कोण चालेल याबद्दलही त्याचे काही मत होते. मतपत्रिकेवर त्याला एकच खूण करता येत होती. अठ्ठेचाळीस राज्यांत ज्याची मते सर्वांत जास्त त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते, मग ती मते पन्नास टक्क्यांहून कितीही कमी असोत. १९९२मध्ये क्लिंटन यांना पन्नास टक्क्यांवर मते देणारे राज्य एकटे आर्कान्सा होते. दोष आहे तो या मोजणीत.

मोजणी दुसऱ्या रीतीने करता येते याचा पुरावा आपल्या घरात आहे, तोही राष्ट्रपतिपदाच्याच निवडणुकीचा. १९६९मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर तिघे प्रमुख उमेदवार उभे होते: काँग्रेसचे अधिकृत नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी, ज्यांच्यासाठी इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असे सांगून स्वतःच्याच पक्षाला सुरुंग लावला. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. मतदार सगळे आमदार-खासदार, आणि मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम.

पहिल्या पसंतीची मोजणी अशी झाली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. अमेरिकी रीतीने निकाल इथेच लागला असता, अपक्ष गिरी ४८ टक्क्यांवर राष्ट्रपती झाले असते, आणि देशमुखांनी रेड्डींची मते खाल्ली हा वाद आजवर चघळला गेला असता. पण निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९ हा कोटा कुणीच गाठला नव्हता. देशमुख आणि इतर किरकोळ उमेदवार बाद करून त्यांच्या पुढच्या पसंतीची मते वाटली गेली. पूर्वपक्षाची अटकळ इथे अगदी बरोबर ठरली: वाटलेली बहुतेक मते रेड्डींकडे गेली, त्यांच्यात सुमारे ९२ हजारांची भर पडली, गिरींना साडेअठरा हजारच मिळाली. अंतर ८८ हजारांवरून साडेचौदा हजारांच्या आसपास आले. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. निकाल बदलला नाही, पण संशयाला जागा उरली नाही. देशमुखांच्या मतदारांनी आपल्या माणसाला पहिले मत दिले आणि शेवटच्या दोघांतही आपला शब्द टाकला. १९९२बद्दल अमेरिकेला मतदानोत्तर चाचण्यांवरून अंदाज बांधावा लागतो. १९६९चे उत्तर मोजणीच्या तक्त्यात छापलेले आहे.

कुणी म्हणेल, काही हजार आमदार-खासदारांना जमते ते पंधरा कोटी मतदारांना कसे जमणार? मेनने २०२०मध्ये अध्यक्षीय निवडणूक पसंतीक्रमाने घेऊन दाखवली, अलास्कानेही ही रीत उचलली. मेनच्या लोकांना ती हवीशी का वाटली तेही पाहण्यासारखे आहे: २०१०मध्ये पॉल लपाज तिथे ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले आणि दोन टक्क्यांहून कमी अंतराने दुसरा आला तो एक अपक्ष होता. तिथे डेमोक्रॅटने अपक्षाची मते खाल्ली!

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पसंतीक्रमाने राज्यातला विजेता ठरेल, पण अपक्षाने काही राज्येच जिंकली आणि कुणालाच बहुमताला लागणारी २७० निर्वाचक मते मिळाली नाहीत तर? मग निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो, आणि तिथे कॅलिफोर्नियाला एक मत, वायोमिंगलाही एकच. १९६८मध्ये दक्षिणेतली पाच राज्ये जिंकणाऱ्या जॉर्ज वॉलेस यांचा डाव अशीच कोंडी करून सौदा करण्याचा होता. यावर पसंतीक्रम हे औषध नाही. त्याला घटनादुरुस्तीच लागेल. फुटीच्या आरोपापुरते मात्र हे औषध लागू पडते, आणि ते घ्यायचे की नाही हे प्रत्येक राज्याला स्वतः ठरवता येते.

मग ते घेत का नाहीत? २०२४ने याचे उत्तर दिले. रॉबर्ट केनेडी (धाकटे) अपक्ष होते तेव्हा त्यांचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक गोटातून राज्याराज्यांत खटले भरले गेले. ट्रम्प त्यांना कट्टर डावे म्हणत होते. ऑगस्टमध्ये केनेडींनी माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबा दिला आणि चुरशीच्या मिशिगन-विस्कॉन्सिनमधून आपले नाव काढा म्हणून स्वतःच कोर्टात गेले. न्यूयॉर्कमध्ये मात्र तेच नाव ठेवा म्हणून भांडत होते. ट्रम्पनी त्यांना पुढे आरोग्यमंत्री केले. कोणत्या राज्यात तिसरे नाव कुणाला सोयीचे, एवढाच सगळ्यांचा सिद्धांत. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये नाव राहिलेच, आणि उमेदवारच नसलेल्या उमेदवाराला हजारोंनी मते दिली. त्यांची दुसरी पसंती विचारायची सोय नव्हती.

फ्लोरिडाने, त्याच ५३७ मतांच्या फ्लोरिडाने, २०२२मध्ये पसंतीक्रमाच्या मतदानावर कायद्यानेच बंदी घातली. तिथे सत्ता रिपब्लिकनांची होती, तेव्हा डेमोक्रॅटांना हात झटकता येतील. नेवाडात ती सोय नाही. तिथे २०२२मध्ये मतदारांनी पसंतीक्रमाचा प्रस्ताव एकदा मंजूर केला, आणि २०२४च्या दुसऱ्या फेरीत तो पडला. दोन्ही फेऱ्यांत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक नेते त्याच्या विरोधात एकाच बाजूला उभे होते.