चिठ्ठीवर राग काढू नका

शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के जागांची सोडत निघाली की दरवर्षी तेच रडगाणे सुरू होते: सरकारने लेकरांच्या भवितव्याचा जुगार मांडला. नंबर न लागलेल्या आईने असे म्हणावे, हे समजू शकते. शिकलेसवरलेले लोकही तेच म्हणतात आणि वर ‘गुणवत्ता पाहा’ असे सुचवतात, तेव्हा मात्र उत्तर द्यावे लागते. सहा वर्षांच्या पोराची कसली गुणवत्ता? घरात देहवाली बोलतात की इंग्रजी, बाप ऊस तोडतो की कचेरीत बसतो, एवढेच त्या चाचणीत कळणार. म्हणून तर २००९ च्या कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची परीक्षा घ्यायला बंदी केली. जागा कमी आणि अर्ज जास्त असले, की वशिला, पैसा आणि चिठ्ठी एवढेच मार्ग उरतात. पहिले दोन कोणाच्या कामी येतात, हे आमच्या अक्कलकुवा तालुक्यात कोणी कोणाला शिकवायला नको.

शिवाय सोडत आंधळी असलीच पाहिजे असे नाही. मुलांचा क्रम चिठ्ठीने लावावा आणि पाळी येईल त्याला त्याच्या यादीतली, जागा शिल्लक असलेली सर्वांत आवडती शाळा द्यावी. एवढे पाळले तर पालकाला खरी आवड लपवण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात पूर्वी पहिल्या पसंतीलाच सारा भाव होता. ती हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरलेली असे, म्हणून जाणते पालक मुद्दाम खोटी पहिली पसंती लिहीत आणि भोळे फसत. २००५ मध्ये शहराने ती रीत मोडली. अशा जुळणीच्या शास्त्रासाठी रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडेही प्रत्येक अर्जाचा क्रम आणि प्रत्येक शाळेच्या जागा उघड मांडल्या, तर जुगाराचा आरोप करायला कोणी धजणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सातपुड्यात खासगी विनाअनुदानित शाळा आहेत किती? देवगोई घाट चढून मोलगीकडे गेलात की पाड्यापाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा नाही तर आश्रमशाळा. पंचवीस टक्के कशाचे काढणार? हे खरेच आहे. त्यावरून काही जण सोडतच निरुपयोगी ठरवतात, ते मात्र चूक. चिठ्ठी शाळा बांधत नाही. असलेल्या जागा ती पक्षपात न करता वाटते. त्या जागाच आटल्या, तर ती काय वाटणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. तो टिकता, तर पसंतीचा रकाना छापील राहिला असता, पण भरायला फारसे काही उरले नसते.

इथला खरा अन्याय चिठ्ठी निघण्याआधीच होऊन जातो. २०२५-२६ च्या प्रवेशांचे अर्ज जानेवारीत सुरू झाले. जानेवारीत तालुक्यातली कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला असतात, पोरांसकट. अर्ज ऑनलाइन, जन्मदाखला आणि जातीचा दाखला गावच्या पेटीत, आणि डोंगरात नेटवर्क शोधायला टेकडी चढायची. घरापासून शाळेचे अंतर म्हणून नकाशावर सरळ रेषेत मोजलेल्या एका किलोमीटरमध्ये आमच्याकडे नाला आणि चढण दोन्ही येतात, तेही कोणी मोजत नाही. जो अर्जच भरू शकला नाही, त्याचे नाव चिठ्ठीत कुठून येणार?

तेव्हा भांडायचेच असेल तर अर्जाच्या मुदतीसाठी भांडू. ऊसतोडीला निघण्यापूर्वी, दिवाळीच्या आसपास, गावच्या शाळेत कागदावर अर्ज घ्या. दाखले नंतर दिले तरी चालतील, अशी सवलत द्या. आदिवासी विकास विभाग आमची पोरे शहरांतल्या नामांकित निवासी शाळांत पाठवतो, तिथेही मुलांची निवड उघड चिठ्ठीने करा आणि शाळा ठरवताना आईबापांची पसंती आधी विचारा. हे ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा.