पान एक, वाचणारे शंभर

भाचीला यंदा तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळाला. विद्यापीठाच्या विधी विभागातला पहिला आठवडा ओळखपत्र, अनामत आणि ग्रंथालयाचं कार्ड यांतच गेला. रविवारी तिचा फोन आला. ‘‘अरे मामा, भिंती भरून पुस्तकं आहेत. पण घरी न्यायला फक्त दोन, तीही पंधरा दिवसांसाठी. आणि मला जी हवीत, नेमका त्यांच्यावरच लाल शिक्का, ‘केवळ संदर्भासाठी’. मग ठेवलीत कशाला?’’

प्रश्न रास्त आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, हे त्यातलं पहिलंच. त्यावर बोट ठेवून ग्रंथपालाशी कुणीही भांडावं. मात्र भांडण्याआधी कायद्याचं पुस्तक वापरतात कसं, हे पाहिलं पाहिजे.

नानावटी खटल्याचं उदाहरण घ्या. त्यावर नाटकं-सिनेमे पुष्कळांनी पाहिले, निकाल वाचलेला मात्र विरळा. ज्युरीनं निर्दोष म्हटलेल्या नौदल अधिकाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. या निकालाचा पत्ता ‘एआयआर १९६२ एससी ६०५’ असा. म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, साल १९६२, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ६०५. हे रिपोर्टर आपल्या नागपूरचं. त्यात १९१४ पासूनचे निकाल आहेत आणि देशातल्या बहुतेक वकिलांच्या कचेरीत त्याच्या खंडांची रांग दिसते. खंड दोन्ही हातांनी काढायचा, टेबलावर उघडायचा, सहाशे पाचावं पान काढायचं. आधी बारीक टायपातल्या शीर्षटिपा वाचायच्या, त्यातून आपल्या मुद्द्याचा परिच्छेद शोधायचा, टिपून घ्यायचा आणि खंड मिटायचा. सारं काम तासा-दीड तासाचं.

पण त्याच पुठ्ठ्यात त्या वर्षीचे इतर शेकडो निकालही बांधलेले असतात. कुणाला त्यातला कुळकायद्यावरचा हवा असतो, कुणाला विक्रीकरावरचा. नानावटीसाठी खंड पंधरा दिवस घरी गेला, तर या सगळ्यांची वाट बंद होते. पाठ्यपुस्तकाचं तसं नाही. करार कायद्यावरचं पुस्तक एक विद्यार्थी पहिल्यापासून शेवटपर्यंत महिनाभर वाचतो, म्हणून ते घरी देतात. गरजू मुलांना बुक बँकेतून अख्ख्या सत्रासाठीही देतात. एकाला महिनाभर लागणारं पुस्तक घरी द्यायचं आणि शंभर जणांना तासभर लागणारं तिथंच ठेवायचं, एवढाच हा न्याय. भाचीला हे पटलं, पण मनापासून नाही. दुसऱ्या दिवशी तिला हवा असलेला खंड जागेवर होता, तेव्हा मनापासून पटलं.

दुसरा नियम नव्या मुलांना विचित्र वाटतो. वाचून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात ठेवू नका, टेबलावरच सोडा. लहानपणापासून घरात नेमकं उलट शिकवलेलं असतं. पण शेजारच्या रांगेत चुकून गेलेला खंड पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत हरवल्यातच जमा. वर टेबलावर काय काय पडलं, त्याची संध्याकाळी नोंद झाली की कोणते खंड खरोखर वापरात आहेत, हेही ग्रंथपालाला कळतं.

चुकून जागा बदलते ते परवडलं. मूट कोर्टच्या दिवसांत जागा मुद्दाम बदलते. या अभिरूप खटल्यांत सगळ्यांना एकच काल्पनिक प्रकरण मिळतं, म्हणजे सगळ्यांना हवे असलेले निकालही तेच. मग एखादा हुशार गडी फौजदारीचा खंड प्राप्तिकराच्या कपाटात, मागच्या रांगेत सारून देतो. त्याला तो रोज सापडतो, प्रतिस्पर्ध्याला सापडत नाही. त्याहून निगरगट्ट असतात ते ब्लेडनं पानं कापून नेतात. अशा खंडात बोटानं चाचपलं की शिवणीपाशी कापलेल्या पानांची धार लागते, आणि शीर्षटीप जिथं तुटते त्याच्या पुढं एकदम दुसराच खटला सुरू होतो. उद्या न्यायालयात ‘नैसर्गिक न्याय’ म्हणत उभे राहणारे हेच.

म्हणून पिशवी बाहेर प्रॉपर्टी काउंटरवर ठेवायची आणि आत फक्त वही-पेन न्यायचं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत दामदुपटीनं वसूल होते, तीही उगाच नाही. रिपोर्टरच्या जुन्या मालिकेतला सुटा खंड बाजारात सहजी मिळत नाही. एक गेला की पन्नास वर्षांची रांग कायमची दात पडल्यासारखी दिसते. शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’च्या दाखल्यावर ग्रंथालयाची सही लागते तीही यासाठीच. सनद काढायला निघालेला भावी वकील त्या सहीपाशी अडतो आणि मग दोन वर्षांपूर्वी पलंगाखाली गेलेलं पुस्तक त्याला बरोबर सापडतं.

घरी नेता येत नाही म्हटल्यावर पावलं झेरॉक्सकडे वळतात. ‘संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढू नये’ अशी पाटी तिथं असतेच. या पाटीमागे एक मोठा खटला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाचे संच काढून विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकान आणि दिल्ली विद्यापीठ या दोघांवर दावा ठोकला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानं काही मुद्दे फेरविचारासाठी परत पाठवले, पण गाभ्याचं सूत्र कायम ठेवलं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढायची सूट आहे. त्या सूटीला पानांची ठरावीक मर्यादा नाही, शिकवण्याच्या गरजेपुरती हवी, एवढीच अट. पुढं मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

याचा अर्थ पाटी खोटी असा नाही. गरजेपुरतं आणि अख्खं यात फरक उरतोच. शिवाय निकालांच्या बाबतीत तर आणखी मोकळीक आहे. न्यायालयाचा मूळ निकाल कुणीही छापावा, त्यावर खासगी मालकी नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही रेघ स्वच्छ आखली. निकालाचा मजकूर सर्वांचा, पण संपादकानं डोकं चालवून लिहिलेल्या शीर्षटिपा आणि पाडलेले परिच्छेद त्याचे.

आता एका नियमाशी माझं जमत नाही. पुष्कळ ग्रंथालयांत नवी आवृत्ती संदर्भात ठेवतात आणि जुनी घरी देतात. कादंबरीला हे चालेल. कायद्यात जुनी आवृत्ती म्हणजे कालचा कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. घरी रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाच्या हातात मात्र १८६० च्या दंडसंहितेवरचं भाष्य! बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर असलेली पुस्तिका, फार महाग नसते. त्यांच्या ताज्या प्रतीच घरी द्याव्यात, आणि जुन्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा सांगते, याचा ठळक शिक्का मारावा.

जुनी पुस्तकं रद्दीत घाला, असं मात्र कुणी सुचवू नये. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता त्यानंच शिक्षा, असं राज्यघटनेचं विसावं कलम सांगतं. ३० जून २०२४ च्या रात्रीपर्यंत घडलेल्या खुनाला ३०२ च लागणार आणि ते खटले अजून कित्येक वर्षं चालणार. इतर ग्रंथालयं जागेअभावी जुनं काढून टाकतात. कायद्याच्या ग्रंथालयाला जुनं काढायचीही सोय नाही.

‘‘पण मामा, हे सगळं फोनवर मिळतं की,’’ भाची म्हणाली. बरंचसं मिळतं, खरंय. इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८ पासून निकाल फुकट दाखवतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू करून अधिकृत अहवाल सर्वांना खुले केले. पण हाती आलेला निकाल पुढं फिरवला गेला का, त्या कलमात महाराष्ट्राची वेगळी दुरुस्ती आहे का, वेगवेगळी उच्च न्यायालयं काय म्हणतात, हे भाष्यग्रंथ सांगतो किंवा एससीसी ऑनलाइन, मनुपात्रासारखे वर्गणीचे संग्रह. विद्यापीठ त्यांची वर्गणी भरतं ती आपल्या विद्यार्थ्यांपुरती. पासवर्ड मित्राला देऊ नका, हा नियम म्हणून नव्या जमान्यातला लाल शिक्काच आहे. एका खात्यातून अमाप निकाल उतरवले गेले की सगळ्या विभागाचं दार बंद होऊ शकतं. ब्लेडनं पान कापण्याचाच हा प्रकार, फक्त ब्लेड दिसत नाही.

आतापर्यंतचे नियम मी एकाच कसोटीवर घासले. तुम्ही पुस्तक वापरल्यानं दुसऱ्या कुणाचं अडतं का? रिपोर्टर घरी नेल्यानं अडतं, तेव्हा नियम बरोबर. ताजा बेअर ॲक्ट घरी नेल्यानं अडत नाही, तेव्हा नियम बदलावा. हीच कसोटी फलकावरच्या पहिल्या ओळीला लावून पाहा. ‘प्रवेश फक्त विद्यार्थी, शिक्षक व सभासदांसाठी.’

वकिलांची सोय होते. बार असोसिएशनची ग्रंथालयं आहेत, ओळखीनं आणि पत्रानं विद्यापीठातही जाता येतं. पण ज्याचा दावा आहे तो पक्षकार? सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी झगडणारा शेतकरी, पोटगीचा अर्ज स्वतः चालवणारी बाई, सोसायटीच्या नोटिशीला उत्तर लिहू पाहणारा निवृत्त कारकून. कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही, हे यांना न्यायालय सांगतं. सरकारी विद्यापीठाचं ग्रंथालय ज्यांच्या करातून उभं राहतं, त्यात हेही आलेच. मात्र हा कायदा वाचायला ते दारात आले, तर पहारेकरी ओळखपत्र मागतो.

एका टेबलाची जागा पुरे. दुपारी वर्ग चालू असतात तेव्हा वाचन कक्ष अर्धा रिकामा असतो, त्या वेळेत आधार कार्ड दाखवून कुणालाही आत बसू द्यावं. पुस्तक घरी नको, पासवर्ड नको. ताजे बेअर ॲक्ट, महाराष्ट्राच्या कायद्यांचे मराठी मजकूर आणि एक-दोन भाष्यग्रंथ टेबलावर ठेवावेत. परीक्षेचे आणि मूटचे दिवस वगळावेत, कारण तेव्हा खरंच विद्यार्थ्यांचं अडतं. सल्ला देणं ग्रंथपालाचं काम नाही, त्यानं फक्त कपाट दाखवावं. ज्या विभागात विधी सहाय्य केंद्र चालतं, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी कलम शोधायला हात द्यावा. मुलांनाही पुस्तकातल्या कलमाला चिकटलेला माणूस पहिल्यांदा दिसेल.

भाचीनं हे ऐकून घेतलं आणि वकिलासारखा प्रश्न टाकला, ‘‘हे करायला नियम बदलावा लागेल. बदलणार कोण?’’ विद्यापीठात ग्रंथालय समिती असते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतो. तिला म्हटलं, त्या जागेसाठी अर्ज कर. दोन पुस्तकांची तीन व्हावीत म्हणून भांडणारे पुष्कळ मिळतील, तू पहिल्या ओळीसाठी भांड.