सांदणमधून परत फिरलो, त्याबद्दल



मे महिन्यात आम्ही अकराजणी सांदण दरीला गेलो. पूर्ण दरी उतरून खाली कोकणात डेहण्याला निघायचं ठरलं होतं, गाडीही तिकडे पाठवलेली. प्रत्यक्षात दुसऱ्या पाण्यापासूनच परत आलो. त्यावरून आमच्यात अजून कुरबुर चालू आहे, म्हणून माझं म्हणणं इथे लिहिते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सांदण म्हणजे भंडारदऱ्याजवळ साम्रद गावापाशी जमिनीला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या उंचच उंच भिंती, ऊन तळाला क्वचितच टेकतं. सुरुवातीलाच दोनदा गार पाण्यातून जावं लागतं. मग मोठमोठे धोंडे, आणि त्यापुढे दोर लावून उतरायचे कडे. हे कडे म्हणजे पावसाळ्यातले धबधबेच. उन्हाळ्यात ते कोरडे असतात म्हणून तर आपण तिथे जाऊ शकतो.

सकाळी सातला शिरायचं ठरलं होतं. चहा, फोटो, कुणाचे बूट, यात बारा वाजले. (फोटोंत मीही होते.) दीडच्या सुमारास वर दिसणारी आभाळाची पट्टी काळवंडली. साम्रदचे वाटाडे दादा म्हणाले, "ताई, आता पुढं नको."

झालं, वाद सुरू! पैसे भरलेत, गाडी खाली थांबलीय, परत कधी जमणार? शेवटी फिरलो. आणि पाऊस काही पडला नाही. हेच आता ऐकावं लागतंय: "बघ, उगीच घाबरलो."

मला हे पटत नाही. वरच्या पठारावर वळवाची एक जोरदार सर आली तरी पाणी याच भेगेत उतरतं, आणि बाजूला चढून जायला जागा नाही. आपण घरी पाणी गाळतो ते भांड्यात जीव दिसला म्हणून नाही, न दिसताही गाळतो. मग इथेच पाऊस पडायची वाट का बघायची? वाटाड्याला आपण पैसे देतो ते या 'नको'साठीसुद्धा. चुकलं ते आमचं, पाच तास वाया घालवले ते.

दिवस मावळायच्या आत साम्रदच्या ओटीवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दोघी तेव्हाही गप्प होत्या.

पुढच्या मार्चमध्ये परत जायचं घाटतंय. काकूंनी आत्ताच सांगून ठेवलंय, सहाला जी तयार नसेल तिच्यासाठी थांबायचं नाही.